स्पर्श झाला म्हणजे पेनल्टी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्वेनगरच्या एका सोसायटीतली दहा-बारा जणं क्लबहाउसमध्ये पडदा लावून एकत्र मॅच बघतात. २४ नोव्हेंबर २०२२ ची वर्ल्ड कपमधली पोर्तुगाल–घाना मॅच त्यांनी अशीच पाहिली. दुसऱ्या हाफमध्ये रोनाल्डो बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या ज्या चौकोनात फाउल झाला की पेनल्टी मिळते तिथे, पडला, पेनल्टी मिळाली, ६५ व्या मिनिटाला गोल झाला आणि त्या रात्री पेटलेला वाद अजून विझलेला नाही. कुठल्याही देशाची मॅच असो, कोणी बॉक्समध्ये पडलं की जुन्या क्लिप पुन्हा निघतात. अर्धे म्हणतात, "स्पर्श झालाय ना? मग पेनल्टी." उरलेले म्हणतात, "एवढ्याशा धक्क्याने कोण पडतं? सरळ सरळ डाइव्ह आहे, पडायचं सोंग." विचारणाऱ्या गृहस्थांना दोन्ही बाजू अर्धवट वाटतात, म्हणून रेफ्री नेमकं काय बघतो ते त्यांना हवं आहे. प्रश्नाच्या शेवटी त्यांनी एक ओळ जोडली आहे. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा फुटबॉल खेळतो. परवाचा वाद तो ऐकत बसला होता आणि झोपताना म्हणाला, "बाबा, मग पडायचं की नाही?"

मी पुण्याच्या मैदानांवर वीसएक वर्षं शिट्टी वाजवतोय. जिल्ह्याच्या लीग मॅचेस, शाळा-कॉलेजांच्या स्पर्धा, कंपन्यांच्या स्पर्धा. अलीकडे नव्या रेफ्रींना शिकवतोही. आंतरराष्ट्रीय मॅच मी केलेली नाही, तेव्हा ऐंशी हजार लोकांसमोर निर्णय देताना काय होतं हे मी सांगणार नाही. पण नियमाचं पुस्तक दोहाला जे असतं तेच डोबरवाडीच्या मैदानावर असतं, आणि पडणारी माणसंही बऱ्यापैकी तशीच पडतात.

आधी गाठ सोडवू. तुमच्या मंडळींनी दोन वेगळे प्रश्न एकात एक गुंतवले आहेत. पहिला प्रश्न डिफेंडरबद्दलचा आहे: त्याने फाउल केला का? दुसरा फॉरवर्डबद्दलचा: त्याने रेफ्रीला फसवायचा प्रयत्न केला का? या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांवर अवलंबून नसतात. फाउल नसेल आणि फसवणूकही नसेल, असं होतं. खरं तर बॉक्समधल्या बहुतेक पडण्यांचं असंच असतं. दोघं एकाच चेंडूवर गेले, खांद्याला खांदा लागला, एकाचा तोल गेला, तो पडला. खेळ चालू. ना पेनल्टी, ना कार्ड. टीव्हीसमोर बसलेल्याला हा तिसरा पर्याय सुचतच नाही, कारण वादात दोनच बाजू असतात. रेफ्रीने पेनल्टी दिली नाही याचा अर्थ त्याने त्या खेळाडूला खोटारडा ठरवलं असा होत नाही. आणि चौथा प्रकार, जो सगळ्यात अवघड: फाउल खरा आहे आणि पडणं वाढवून केलेलं आहे. त्याकडे नंतर येतो.

आता स्पर्शाबद्दल. आपण मराठी माणसं कबड्डीवर वाढलोय. तिथे स्पर्श हेच सगळं. चढाई करणाऱ्याचं बोट लागलं आणि तो मध्यरेषेपलीकडे परतला की गडी बाद, जोर किती होता हे कोणी विचारत नाही. मला नेहमी वाटतं की तीच सवय घेऊन आपण फुटबॉल बघतो. फुटबॉलमध्ये स्पर्श हा गुन्हा नाही. नियम क्रमांक १२ मध्ये ढकलणं, लाथ मारणं, तंगडी घालणं, अंगावर उडी घेणं, चुकीचं टॅकल असे प्रकार दिले आहेत, आणि रेफ्रीने बघायचं ते हे की डिफेंडरने ते निष्काळजीपणे केलं का, बेफिकिरीने केलं का, की गरजेपेक्षा जास्त ताकद लावून केलं. निष्काळजीपणा असेल तर नुसता फाउल, बेफिकिरी असेल तर पिवळं कार्ड, अवाजवी ताकद असेल तर लाल. धरून ठेवण्याला तेवढा हा निकष लागत नाही, धरलं की फाउल. यात 'स्पर्श झाला का' हा प्रश्न कुठेच एकटा उभा नाही. उलट लाथ मारण्याच्या आणि तंगडी घालण्याच्या बाबतीत नियम 'किंवा तसा प्रयत्न केला' असंही म्हणतो. म्हणजे डिफेंडरने जोरात पाय फिरवला आणि फॉरवर्ड उडी मारून वाचला, स्पर्श शून्य, तरी फाउल असू शकतो. आणि भरपूर स्पर्श होऊनही फाउल नसू शकतो.

म्हणून मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो की पडणाऱ्याकडे बघू नका, पाडणाऱ्याकडे बघा. डोळा आपोआप पडणाऱ्याकडे जातो, कारण हालचाल तिथे मोठी असते, आवाज तिथून येतो. पण निर्णयाचं सगळं सामान डिफेंडरच्या पायात असतं. तो चेंडूपर्यंत पोचण्याच्या अंतरावर होता का? पाय टाकला तेव्हा चेंडू तिथे होता, की निघून गेला होता? तो बाजूने आला की मागून? आपलं अंग त्याला आवरता येत होतं का? उशिरा आलेला पाय आणि फॉरवर्डची वाट अडवणारा पाय, या दोन गोष्टी दिसल्या की माझी शिट्टी ओठाशी गेलेली असते, पुढचा माणूस कसा का पडेना.

"पण स्पर्श किती हलका होता!" हा आक्षेप घेऊ, कारण त्यात एक खरी गैरसमजूत आहे. २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये फ्रान्सविरुद्ध अर्जेंटिनाला पहिली पेनल्टी मिळाली ती आठवा. डि मारिया डावीकडून बॉक्समध्ये शिरला, फ्रान्सचा डेम्बेले मागे राहिला, आणि मागून त्याचा पाय डि मारियाच्या मागच्या पायाला लागला. स्लो मोशनमध्ये बघितलं तर टप्पल मारल्यासारखं दिसतं, आणि कित्येकांनी तेव्हा 'एवढ्यावर पेनल्टी?' म्हणून डोकं धरलं. पण धावणाऱ्या माणसाचा एक पाय जमिनीवर असतो आणि दुसरा हवेत, पुढे यायच्या वाटेवर. हवेतल्या पायाला बाजूने नुसतं बोट लागलं तरी त्याची वाट दोन-तीन इंच बदलते, आणि तो पाय पुढे पडायच्या ऐवजी स्वतःच्याच दुसऱ्या पोटरीवर आदळतो. शाळेत रांगेत चालताना पुढच्याच्या टाचेला हळूच पाय लावून त्याला धडपडवायचा उद्योग आपण सगळ्यांनी केलाय. किती जोर लागायचा त्याला? काहीच नाही. उभ्या माणसाला तोच धक्का दिला तर तो मागे वळून बघेल, बस. त्यामुळे जोर किती हा प्रश्न निम्माच आहे. धक्का कुठे लागला, आणि त्या क्षणी त्या पायावर भार होता का, हे निम्मं जास्त महत्त्वाचं. त्या पेनल्टीवर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, पण 'हलका स्पर्श म्हणून नाटक' हे उत्तर नाही.

त्याच मॅचमध्ये तुमच्या वादाला उपयोगी असं आणखी एक आहे. रेफ्री होते पोलंडचे शिमोन मार्चिनियाक. त्यांनी त्या रात्री चालू खेळात तीन पेनल्टी दिल्या: डि मारियावरच्या फाउलची, अर्जेंटिनाच्या ओतामेंदीने फ्रान्सच्या कोलो मुआनीला पाडलं त्याची, आणि एक्स्ट्रा टाइममध्ये अर्जेंटिनाच्या मोंतिएलच्या हाताला चेंडू लागला त्याची. आणि ८७ व्या मिनिटाला, स्कोअर २–२ असताना, फ्रान्सचा मार्कुस तुराम बॉक्समध्ये पडला तेव्हा त्यांनी पेनल्टी दिली नाही, तुरामलाच डाइव्हसाठी पिवळं कार्ड दाखवलं. वर्ल्ड कपच्या फायनलची शेवटची तीन मिनिटं! तिथे 'काही नाही, खेळा' म्हणून हात हलवणं किती सोपं होतं. कार्ड काढायचं तर पूर्ण खात्री लागते. ती खात्री कशातून येते तर जवळ असण्यातून आणि योग्य कोनात असण्यातून. मला त्या मॅचमधला तो सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो.

आता तुमच्या पोर्तुगाल–घानाकडे. घानाचा डिफेंडर सालिसू बाजूने आला, त्याने चेंडूसाठी पाय टाकला, दोघं एकमेकांना लागले, रोनाल्डो पडला. एवढ्यावर कोणाचं दुमत नाही. काही कोनांतून सालिसूचा पाय चेंडूला लागल्यासारखा दिसतो. अमेरिकेचे रेफ्री इस्माइल एल्फाथ यांनी लगेच पेनल्टी दिली, व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या सहायक रेफ्रीने, त्यांना पडद्याकडे बोलावलं नाही. पोर्तुगाल ३–२ ने जिंकलं आणि घानाचे प्रशिक्षक ओट्टो आडो नंतर म्हणाले की रेफ्रीने ती भेट दिली. माझं मत विचारलंत तर मी ती दिली नसती. सालिसू चेंडूसाठीच आला होता, तो फारसा उशिराही नव्हता, आणि रोनाल्डोने शरीर मध्ये घालून ती टक्कर बऱ्याच अंशी ओढवून घेतली असं मला दिसतं. मात्र "चेंडूला लागला म्हणजे फाउल नाही" हे मी म्हणणार नाही, कारण तसा नियम नाही. चेंडू आधी घेऊनही मागून माणूस कापलात तर फाउलच आहे. आमच्या मैदानांवर हे वाक्य दर रविवारी दहा वेळा ऐकू येतं, "सर, बॉल घेतला मी!" घेतलास बाबा, पण त्याच्यासकट घेतलास.

मग व्हीएआर गप्प का बसलं? इथे क्रिकेट कामाला येतं. डीआरएसमध्ये 'अंपायर्स कॉल' असतो ना? चेंडू स्टंपला किंचित लागताना दिसतो, तरी मैदानावरच्या अंपायरने नाबाद दिलं असेल तर नाबाद, आणि बाद दिलं असेल तर बाद. एकच चेंडू, दोन्ही निर्णय टिकतात. फुटबॉलमधलं व्हीएआर काहीसं याच वृत्तीचं आहे. 'पेनल्टी आहे का' हा प्रश्न ते नव्याने सोडवत नाही. मैदानावरच्या निर्णयात स्पष्ट आणि ढळढळीत चूक आहे का, एवढंच ते बघतं. एल्फाथनी पेनल्टी दिली नसती तर बहुधा तेही तसंच टिकलं असतं. तुमच्या मित्रांना हे पटवणं अवघड जाईल, कारण टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला एकच खरं उत्तर हवं असतं. पण बॉक्समधल्या कितीतरी प्रसंगांना दोन प्रामाणिक रेफ्री दोन प्रामाणिक उत्तरं देतात. हे मी सारवासारव म्हणून सांगत नाहीये. आमच्या वर्गात आम्ही एकच क्लिप पंधरा जणांना दाखवतो आणि हात वर करायला सांगतो. आठ-सात अशी विभागणी झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

चूक ढळढळीत असली की काय होतं तेही बघा. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझील–कोस्टा रिका, गोलशून्य बरोबरी, शेवटची बारा-तेरा मिनिटं उरलेली. नेमार बॉक्समध्ये मागे कोसळला, नेदरलँड्सचे ब्यॉर्न कॉयपर्स यांनी पेनल्टी दिली. पडद्यावर बघितल्यावर दिसलं की कोस्टा रिकाच्या डिफेंडरचा हात जेमतेम लागला होता आणि त्यात पाडण्यासारखं काही नव्हतं. पेनल्टी रद्द. तो व्हीएआरचा पहिलाच वर्ल्ड कप होता. त्या स्पर्धेत २९ पेनल्टी दिल्या गेल्या, त्याआधीचा विक्रम १८ चा होता. कॅमेऱ्याने नाटकं उघडी पाडली तशी आधी नजरेतून सुटणारी ओढाताण आणि चेंडू हाताला लागण्याचे प्रकारही पकडले.

आणि स्लो मोशनबद्दल जपून राहा. व्हीएआरच्या कार्यपद्धतीतच म्हटलंय की स्लो मोशन वापरायचं ते वस्तुस्थितीसाठी, म्हणजे स्पर्श कुठे झाला, आत झाला की बाहेर. जोर किती होता हे ठरवायचं ते नेहमीच्या वेगात बघून. कारण वेग कमी केला की साधा धक्का मुद्दाम मारल्यासारखा दिसतो, आणि खरा जोरकस धक्का लोण्यासारखा मऊ दिसतो. तुमच्या क्लबहाउसमध्ये क्लिप थांबवून थांबवून बघत असाल तर बहुतेक वाद तिथेच जन्माला येतोय.

आता डाइव्ह. नियमात डाइव्ह असा शब्द नाही. जखमेचं सोंग करून किंवा फाउल झाल्याचं भासवून रेफ्रीला फसवायचा प्रयत्न, असं वर्णन आहे. शिक्षा पिवळं कार्ड आणि समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल करता येत नाही अशी. मी काय बघतो? खरोखर तोल गेलेल्या माणसाचे हात आपोआप खाली, जमिनीकडे जातात, कारण शरीर तोंड वाचवायला बघतं. सोंग घेणाऱ्याचे हात वर जातात, पाठीची कमान होते, दोन्ही पाय एकदम मागे उचलले जातात. स्पर्श आणि पडणं यांच्यात एक क्षण मोकळा जातो. धक्का एका बाजूने लागतो आणि पडणं भलत्याच दिशेला होतं. किंवा फॉरवर्ड स्वतःचा पाय वाकडा करून डिफेंडरच्या पायाला नेऊन लावतो. ही शेवटची खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण धावताना पाय तसा बाहेर जायचं काही कारणच नसतं. बाकीच्या खुणा संशय निर्माण करतात, पुरावा होत नाहीत. हे मी फार महाग किंमत देऊन शिकलो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी कॅम्प भागातल्या एका मैदानावर कॉलेजांची मॅच करत होतो. पाऊस नुकताच संपला होता, गोलसमोरची माती वाळून दगडासारखी झालेली. एका संघाचा फॉरवर्ड 'पडतो' म्हणून प्रसिद्ध होता. मॅचच्या आधी एका सहकाऱ्याने मला सांगितलंही, "त्याच्यावर लक्ष ठेव." दुसऱ्या हाफमध्ये तो डावीकडून बॉक्समध्ये घुसला आणि दोन्ही हात हवेत फेकून पडला. मी वीसएक मीटर मागे होतो आणि सरळ त्याच्या पाठीमागच्या रेषेत होतो. दोघांच्या पायांमधली फट मला दिसतच नव्हती. दिसले ते वर गेलेले हात. मी कार्ड काढलं. तो काहीच बोलला नाही. फ्री किक घेतली गेली, खेळ सुरू झाला, तो लंगडत बाजूला गेला आणि रेषेबाहेर बसून त्याने मोजा खाली केला. मी धावत त्याच्या बाजूने गेलो तेव्हा दिसलं. घोट्याच्या वर, मागच्या बाजूला, जिथे शिनगार्ड नसतं तिथे, दोन गोल खुणा. स्टडच्या, बुटाच्या तळाला असतात त्या गुट्ट्यांच्या. कडेने पांढऱ्या, मध्ये लाल होत चाललेल्या. खेळ पुन्हा सुरू झाला की आधीचा निर्णय बदलायची मुभा रेफ्रीला नसते. मी काही करू शकलो नाही. मॅच संपल्यावर त्याच्याकडे जाऊन सांगितलं की चूक माझी होती. त्याने मान हलवली, इतकंच. त्यांचा संघ एका गोलने हरला होता.

त्या दिवसापासून दोन गोष्टी मी पक्क्या केल्या. बॉक्समध्ये चेंडू शिरताना पाठीमागून धावायचं नाही, तिरपं जाऊन बाजूने बघायचं, दोन माणसांमधला उजेड दिसला पाहिजे. मोजक्या पावलांचा फरक असतो, पण तोच निर्णय घडवतो. आणि दुसरी गोष्ट म्हणजे खेळाडूचं नाव मैदानाबाहेर ठेवायचं. २९ जून २०१४ ला वर्ल्ड कपच्या नेदरलँड्स–मेक्सिको मॅचमध्ये नेदरलँड्सच्या रॉबेनने काय केलं ते तुमच्या मंडळींना आठवत असेल. अगदी शेवटी मेक्सिकोच्या राफाएल मार्केझच्या पायावर तो पडला, पेनल्टी मिळाली, हुंतेलारने गोल केला आणि मेक्सिको २–१ ने हरून बाहेर गेलं. नंतर रॉबेनने स्वतः कबूल केलं की पहिल्या हाफमध्ये आपण डाइव्ह मारली होती, आणि त्याबद्दल माफी मागितली. पण शेवटची पेनल्टी खरी होती असंही तो ठामपणे म्हणाला. मेक्सिकोत आजही 'ती पेनल्टी नव्हती' ही घोषणा जिवंत आहे. मला मात्र रिप्लेमध्ये मार्केझचा पाय रॉबेनच्या पायावर आलेला दिसतो. पडणं वाढवलेलं, होय. पण फाउल नव्हता असं मात्र नाही. एकाच मॅचमध्ये एकच माणूस एकदा खोटा आणि एकदा खरा असू शकतो, आणि रेफ्रीला प्रत्येक वेळी कोरी पाटी घेऊन बघावं लागतं.

यातूनच तो चौथा प्रकार येतो, वाढवून पडण्याचा. २००६ मध्ये इटली–ऑस्ट्रेलिया मॅचच्या अगदी शेवटच्या क्षणी ऑस्ट्रेलियाचा ल्युकस नील जमिनीवर घसरत आडवा झाला आणि इटलीचा ग्रोस्सो त्याच्यावरून पडला. तोत्तीने पेनल्टी मारली, इटली पुढे गेलं आणि वर्ल्ड कपही जिंकलं. काही वर्षांनी ग्रोस्सोनेही मान्य केलं की आपण ते थोडं वाढवलं असेल. असं का करतात खेळाडू? हिशेब साधा आहे. बॉक्स ४०.३ मीटर रुंद आणि १६.५ मीटर खोल. त्याच्या एका कोपऱ्यात, गोलकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाकडून गोल होण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. पण तिथेच त्याला पाडलं तर चेंडू ११ मीटरवर, समोर फक्त गोलकीपर. २०१८ च्या त्या २९ पैकी २२ पेनल्टींवर गोल झाले. म्हणजे निरुपयोगी जागेवरून पाऊण गोलाची कमाई. इतकं मोठं बक्षीस ठेवल्यावर मोह होणारच.

पण या मोहात आमचाही, म्हणजे रेफ्रींचाही हात आहे, आणि हे मला मनापासून सांगायचंय. उभा राहणाऱ्याला आम्ही न्याय देत नाही. शर्ट धरला, पायावर पाय पडला, तरी मुलगा तसाच धडपडत पुढे गेला आणि शॉट चुकला, की आम्ही म्हणतो, 'त्याला संधी मिळाली होती.' खरंतर त्या फाउलमुळेच शॉट चुकलेला असतो. नियम सांगतो की अॅडव्हांटेज दिला, म्हणजे फाउल होऊनही फायद्यासाठी खेळ चालू ठेवला, आणि अपेक्षित फायदा काही सेकंदांत झाला नाही तर मागे येऊन फाउल द्या. बॉक्समध्ये हे करायला धीर लागतो, कारण उशिरा वाजलेली शिट्टी सगळ्यांना संशयास्पद वाटते. तीनेक वर्षांपूर्वी चौदा वर्षांखालच्या मुलांच्या एका मॅचमध्ये मी निरीक्षक होतो. एका पोराला बॉक्समध्ये मागून लाथ लागली, तो दोन पावलं कोलमडला, सावरला, आणि डाव्या पायाने शॉट बाहेर मारला. शिट्टी वाजली नाही. मध्यंतरात त्याचे कोच सगळ्या मुलांसमोर त्याला म्हणाले, "पडला का नाहीस? अक्कल आहे का?" तो पोरगा बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत राहिला, मान वर केली नाही. मॅच संपल्यावर मी त्या रेफ्रीजवळ बसलो, कोचशी मी बोलायला गेलो नाही. रेफ्रीला म्हटलं, ती लाथ तू पाहिलीस का? तो म्हणाला, पाहिली. मग पुढच्या वेळी थांब, शॉट बघ, आणि वाजव. ती शिट्टी वाजली असती तर कोचच्या तोंडातलं वाक्य तिथेच संपलं असतं.

हे सगळं परिस्थितीप्रमाणे किती बदलतं तेही सांगायला हवं. व्हीएआर असलेल्या मॅचचे निकष व्हीएआर नसलेल्या मॅचला लावू नका, आणि ते आंतरराष्ट्रीय पातळीवरही सगळीकडे नसतं. ११ जून २०२४ ला दोहामध्ये भारत–कतार पात्रता सामन्यात चेंडू रेषेबाहेर गेल्यावर आत ओढून केलेला गोल टिकला, कारण तपासायला व्हीएआरच नव्हतं. आमच्या मैदानांवर तर कधी कधी लाइन्समनही संघातलेच असतात. ओल्या मैदानावर, कडक मैदानावर, कृत्रिम गवतावर पडणं वेगळं असतं. आठ वर्षांच्या मुलांना मी डाइव्हचं कार्ड कधीच दाखवत नाही, जवळ बोलावून सांगतो. आणि दोन तुल्यबळ संघ पहिल्या मिनिटापासून एकमेकांना भिडत असतील तर मैदानाच्या मध्यावर जे चालवून घेतलं तेच बॉक्समध्येही चालवून घ्यावं लागतं. मध्ये एक माप आणि बॉक्समध्ये दुसरं, यातून सगळ्यात जास्त भांडणं होतात.

पुढची मॅच बघताना एकदा असं करून बघा. पहिला रिप्ले नेहमीच्या वेगात, आणि फक्त डिफेंडरच्या पायांकडे बघत. मग दोन संघांचे शर्ट मनातल्या मनात बदला. पोर्तुगालचा डिफेंडर आणि घानाचा फॉरवर्ड असता तर तुम्ही हेच म्हणाला असता का? पडणं कसं होतं हे सगळ्यात शेवटी बघा. तुमच्यातल्या निम्म्या लोकांची मतं या क्रमानेच बदलतील. रोनाल्डोच्या त्या पेनल्टीवर मग एकमत होईल असं मात्र नाही.

राहिला तुमच्या मुलाचा प्रश्न. त्याला माझ्याकडून सांगा की खरोखर पाय अडकला तर उभं राहायचा हट्ट धरू नकोस, गुडघे आणि घोटे त्यातच जातात. पडताना हात जमिनीकडे जाऊ दे. पण पाय चालत असेल तर चेंडूमागे जा. माझ्याकडे बघत पडू नकोस. माझ्यासारख्या माणसाने ती लाथ पाहिली असेल तर तू उभा असलास तरी शिट्टी वाजली पाहिजे, ते आमचं काम आहे. आणि नाही वाजली, तर मॅच संपल्यावर शांतपणे येऊन विचार, "सर, तुम्हाला काय दिसलं?" माझ्या मैदानावर असेल तर मी त्याला कुठे उभा होतो ते दाखवेन, आणि मला दिसलंच नसेल तर तेही सांगेन.